शाई बदलली तर सही घ्या

मंडळी, आज सकाळी सावेडीत माझ्या सेकंडहँड फाउंटन पेनासाठी शाई भरलेली रिफिल शोधत होतो. तिसऱ्या दुकानात एक नेमकी बसली.

"काका, ही बसती बघा. पण निळी न्हाई, काळीच हाय," दुकानदार म्हणाला.

पेनात थोडी निळी शाई उरली होती. ती काळी रिफिल हातात घेतली आणि मला मॅट्रिकचा पेपर आठवला.

एकाहत्तर साली पाथर्डीला माझी मॅट्रिकची परीक्षा होती. पेन चुलत्यांनी वापरून दिलेलं. वर्गावरच्या मास्तरांनी आधीच बजावलं होतं, "शाई बदलली तर माझी सही घ्या. नाहीतर पेपर रद्द."

अर्ध्या पेपरात माझी काळी शाई संपली. मास्तरांची पाठ फिरल्यावर शेजारच्या दत्तूने त्याच्या पेनातले चार थेंब माझ्या पेनात सोडले. लिहायला लागलो तर अक्षर निळं उमटलं.

सही मागावी, तर शाई कुणी दिली ते सांगावं लागणार आणि दत्तूलाही उठवणार. मी सही न घेता निळ्यानेच पेपर पुरा केला.

निकालापर्यंत रोज वाटायचं, आज शाळेतून बोलावणं येणार. आई-बापू दरवर्षी ऊसतोडीला जायचे. नापास झालो असतो तर तिसरा कोयता माझ्या हातात आला असता.

पास झालो. दत्तूही झाला. तरी आज घरी येऊन स्वच्छ पाणी निघेपर्यंत निब तीनदा धुतली, मगच काळी घातली.

पहिली ओळ लिहायला बसलो आणि हात थांबला. आता सही कुणाची घेऊ, तुम्हीच सांगा.