भाविकाने पुसलेली रेघ

पेणच्या रामवाडीची भाविका पाटील रोज एसटीने रोह्याला जाते. तिथल्या एका रंगाच्या कारखान्यात ती टायपिंग करते. इंग्रजी बेताचंच, पण बोटं झपाझप चालतात.

मार्चमध्ये साहेबांनी तिला इंग्रजी नोटीस टाइप करायला दिली. कंत्राटी कामगारांनी करारावर पुन्हा सही करावी, म्हणून त्यांनी 'री-साइन' लिहिलं होतं. मधली आडवी रेघ भाविकाला चुकून पडलेली वाटली. तिने ती काढून टाकली आणि नोटीस फळ्यावर लावली. रेघ गेली आणि त्याच इंग्रजी अक्षरांचा शब्द झाला 'रिझाइन', म्हणजे राजीनामा द्या.

दुसऱ्या दिवशी जगनकाका कागद घेऊन तिच्या टेबलाशी आले. पंधरा वर्षं ते कारखान्यात कंत्राटावर रंग ढवळतात.

"राजीनामा लिवलाय गो. कारण काय टाकायचं ते कळलं नाय, म्हणून मनात व्हतं ते सगळं टाकलंय."

भाविकाने नोटीस पुन्हा वाचली आणि मोबाईलवर अर्थ पाहिला.

"काका, राजीनामा नाय, नुसती सही पायजे!"

धावत जाऊन तिने त्या शब्दात पेनाने ठसठशीत रेघ मारली आणि साहेबांपुढे चूक कबूल केली. साहेब आधी तापले, मग काकांचा कागद वाचू लागले. पहिलंच कारण होतं, कॅन्टीनची पाणीदार आमटी.

"हे मात्र खरं आहे," साहेब पुटपुटले.

काकांनी करारावर सही केली. सोमवारी आमटीत डाळ दिसली. जेवून झाल्यावर काका भाविकाला हळूच म्हणाले, "आमच्याकडं पंखा पण नाय. आणखी एखादी रेघ पुस की गो."