दाढेतला आकडा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे दशांशबाई म्हणत. सव्वीस वर्षं त्या एकाच यंत्रावर बसल्या. अणू वजनाप्रमाणे वेगळे करायचे आणि मोजायचे, हे यंत्राचं काम. पाचव्या दशांशापर्यंत खात्री झाल्याशिवाय कागद हातावेगळा करायचा नाही, हा बाईंचा खाक्या.

नवीन माणूस आला की त्या भिंतीवरचा तक्ता दाखवायच्या. "स्ट्रॉन्शियमचा अणुभार ८७.६२. पण एवढ्या वजनाचा एक तरी अणू दाखवा! नाहीच. कोणी ८४, कोणी ८६, कोणी ८७, बाकी बहुतेक ८८. हे समस्थानिक. धातू एकच, वजनं वेगळी. तक्त्यात लिहिलीय ती सगळ्यांची सरासरी. त्यातलं ८७चं प्रमाण खडकाखडकाप्रमाणे बदलतं. खडकातून ते पाण्यात उतरतं, पाण्यातून दातात. लहानपणी तयार झालेली दाढ तो आकडा मरेपर्यंत सोडत नाही."

म्हणून पोलीस बेवारस हाडं त्यांच्याकडे पाठवत. एका उन्हाळ्यात तलाव आटला आणि गाळात एका बाईचा सांगाडा सापडला. तिची दाढ आणि बरगडीचा तुकडा डबीतून आला.

सकाळी अकराला दाढेचा आकडा पडद्यावर उमटला. ८६च्या मानाने ८७चं प्रमाण ०.७४११८. बाईंना तो पाठ होता. यंत्र नवं आलं तेव्हा त्यांनी स्वतःची काढलेली अक्कलदाढच मोजून बघितली होती. अक्कल सरकारजमा झाली म्हणून सगळे हसलेही होते. हा तोच आकडा. त्यांच्या गावच्या टेकडीचा खडक फार जुना, आणि तिथल्या विहिरीवर पाणी भरणारी घरं अवघी चार.

"भांड्यात आधीचं काहीतरी राहिलं असेल," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला.

भांडी बदलून पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

मग बरगडी. हाड दाढेसारखं हट्टी नसतं. दहा-बारा वर्षांत ते बहुतेक नव्याने घडतं आणि जिथे राहाल तिथल्या पाण्याचं होतं. बरगडीचा आकडा शहराच्या नळाच्या पाण्याशी जुळला. त्या पाण्याची बाटली बाई दर महिन्याला तपासत आणि तेच पाणी रोज पीत.

त्या उठून साहेबांच्या खोलीत गेल्या. "हा नमुना मी पुढे करू नये, साहेब."

"का हो?"

"माझी ताई एकोणिसाव्या वर्षी घरातून निघून गेली. परत आली नाही. त्या चार घरांतून न सांगता गेलेली ती एकटीच."

"अहो, आकड्यावरून माणूस ठरत नाही."

"नाहीच ठरत. म्हणून तर माझं रक्त तपासून घ्या म्हणते."

सहा आठवड्यांनी अहवाल आला. सख्ख्या बहिणी.

ताईचा एकही फोटो घरात नव्हता. वडिलांनी रागाच्या भरात सगळे फाडले होते. म्हणून पोलीस बाईंचाच फोटो घेऊन गल्लोगल्ली फिरले. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या समोरच्याच गल्लीत एका दुकानदाराने तो ओळखला आणि घर दाखवलं.

बाई पोलिसांबरोबर गेल्या. घरमालकिणीने दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. "अगंबाई! होतात कुठे इतके महिने? खोली तशीच ठेवलीय तुमची."

पोलिसांनी समजावून सांगितलं तेव्हा तिने चौकट घट्ट धरली. पुढे बोलताना ती बाईंकडे बघेना.

खोलीत एक पलंग, एक खुर्ची, एक खिडकी. खिडकीतून प्रयोगशाळेचं फाटक सरळ दिसत होतं.

"रोज साडेनऊला इथे उभ्या राहायच्या," घरमालकीण म्हणाली. "हातातला चहा गार होऊन जायचा. मी एकदा विचारलं, कोणाची वाट बघता? म्हणाल्या, वाट कसली, आली की नाही तेवढं बघते. अकरा वर्षं बघत होत्या."

बाईंची कामावर जायची वेळ साडेनऊची होती.

ताई तलावाकडे का गेली, पाण्यात कशी पडली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पोलिसांनी फाईल बंद केली.

आई ऐंशीच्या पुढे गेलेली. त्या संध्याकाळी बाईंनी पलंगाशी बसून तिला सगळं सांगितलं, फक्त खिडकीचं सांगितलं नाही. आई रडली नाही. चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बारीक झाली होती का गं?"

"नाही आई," बाई म्हणाल्या. "चांगली होती अंगाने."