मोहाच्या झाडाखालचा प्रेक्षक

आमच्या गावाच्या संघाची विकेट पडली की लोक आधी माझ्याकडे पाहतात. मी पनौती. ही पदवी काही एका दिवसात मिळत नाही. संघात होतो तेव्हा अंतिम सामन्यात पहिल्याच चेंडूवर माझी दांडी उडाली. पुढे पोलीस भरतीत धावताना मागे पडलो, तेही दोनदा. मग नुसता प्रेक्षक झालो, तर मी मैदानावर पाय ठेवायचा आणि विकेट पडायची. क्रिकेटचं माझ्याएवढं वेड गावात कुणाला नाही, हे सगळे मान्य करतात. आणि मान्य करूनच लांब ठेवतात.

त्या वर्षी धाकटा भाऊ कप्तान होता. बाभुळगावच्या संघाशी अंतिम सामना. चहा पिताना तो बशीकडे बघत म्हणाला, "दादा, आज तू वावरातच राह्य. तुरीची राखणबी होईन. वाईट नको मानू."

वाईट वाटलंच. पण गेलो.

आमचं वावर नाल्यापलीकडे. तिथून मैदान दिसत नाही, भोंग्यावरचा समालोचक मात्र स्वच्छ ऐकू येतो. मचाणावर बसून ऐकत होतो. मनात चोर होता. पोरं जिंकली तर मी खरंच पनौती ठरणार होतो, हरली तर सुटणार होतो. भावानं चौकार मारला की टाळी वाजवायचो आणि वाजवता वाजवताच घाबरायचो. बघता बघता विजय हाताशी आला. भाऊ अजून खेळतच होता.

गावच्या सामन्यात कुणी मानाचं माणूस आलं की समालोचक खेळ बाजूला ठेवून त्याचं स्वागत करतो. सरपंचांचं झालं होतं, गुरुजींचं झालं होतं. त्याच सुरात तो म्हणाला, "मोहाच्या झाडाखाली आपल्या कप्तानाचे मोठे बंधू येऊन उभे आहेत. मंडळाच्या वतीनं त्यांचं सहर्ष स्वागत."

मी मचाणाचा बांबू दोन्ही हातांनी धरला. तुरीचं पान हलत नव्हतं. मी ओरडलो, "अरे, मी इथं आहे!" पण माझ्याजवळ भोंगा कुठला? पुढच्याच चेंडूवर भाऊ बाद झाला. मागून बाकीचेही गेले. आपण हरलो.

संध्याकाळी भाऊ घरी आला. चिडला नाही, हेच जास्त लागलं. "सांगतलं होतं ना दादा. काहून आला?"

वावर सोडलंच नाही, अशी मी शपथ घेतली. मायकडे पाहिलं. तीही बायांमध्ये बसून सामना बघत होती. ती तरी माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं.

"कायले खोटं बोलतं बाप्पा," माय म्हणाली. "मी तुले हात केला. तूनंबी केला."

माय माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःचीच भीती वाटली. हरलो तर सुटणार होतो, तेही राहिलं.

आता मी प्रत्येक सामन्याला जातो. समालोचकाच्या खुर्चीला खुर्ची लावून बसतो, सगळ्या गावाला दिसेन असा. विकेट पडली की लोक माझ्याकडे पाहतात आणि मी मोहाच्या झाडाकडे. हल्ली माय माझ्या शेजारीच बसते. परवा भाऊ बॅट घेऊन उतरला तेव्हा मी सवयीनं मान वळवायला गेलो, तर तिनं माझा हात घट्ट धरला.

"तिकडं पाहू नको," ती म्हणाली. स्वतः मात्र तिकडंच पाहत होती.