गहू सोडून दिलेलं रक्त

बेकरीत सगळे तिला मावशी म्हणतात. बावीस वर्षं पहाटेचं पीठ तीच मळते. मळलेला गोळा दोन बोटांत ताणून बघते, फाटला नाही की पीठ जमलं. ज्याच्यामुळे तो ताणला जातो त्याला ग्लुटेन म्हणतात आणि तेच आपल्या पोटाला छळतंय की काय, असा संशय आला तेव्हा तिला आधी हसू आलं. मग रडू.

वर्षभर पोट नुसतं छळत होतं. फुगायचं, पिळवटायचं. कपडे ढगळ झाले. आणि घरी नवरा काय म्हणायचा? "तुझं पोट नाही, डोकं बिघडलंय." बेकरीचा मालक त्याच्याही वरचढ. "मावशी, तुम्हाला पिठाचा त्रास? उद्या माशाला पाण्याचा होईल." सगळे खो खो हसले. एकदा खरं काय ते कागदावर आलं की यांची तोंडं बंद होतील, एवढंच तिला हवं होतं.

लॅबच्या काउंटरवरच्या माणसाने चकचकीत कार्ड पुढे सरकवलं. "दोनशे पदार्थांची टेस्ट घ्या ना काकू. भोपळ्यापासून बदामापर्यंत सगळं कळेल."

"मला भोपळ्याचं काही विचारायचं नाहीये," ती म्हणाली आणि तिने फक्त गव्हाच्या त्रासाची, छोटी टेस्ट निवडली. निवड बरोबर होती हो. पण साखर तपासायला उपाशी जातात, म्हणजे गहू तपासायला गहू सोडून जायचं, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. तीन महिने पाव-पोळीचा कण तोंडात नाही. बेकरीत राहून. मग जाऊन रक्त दिलं.

रिपोर्ट नॉर्मल. नवऱ्याने तो शेजाऱ्यांनाही वाचून दाखवला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र पहिला प्रश्न हाच विचारला, "रक्त दिलं तेव्हा गहू खात होतात?"

"छे, व्यवस्थित तयारी करून गेले होते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, शरीर गव्हाशी भांडतंय का, हे ती टेस्ट बघते. गहूच नाही तर भांडण दिसणार कुठून? या रिपोर्टवर भरवसा नाही. आता दीड महिना रोज पावाच्या दोन स्लाइस खा आणि हीच टेस्ट परत करा. लॅबवाले गळ्यात मारतात त्या दोनशेवालीच्या नादी लागू नका, तिच्यावरून काही ठरत नाही."

ती तडक लॅबमध्ये.

"फॉर्मवर माझा फोन नंबर दोनदा लिहून घेतलात. गहू खाता का, एवढं विचारायला जीभ झडली होती?"

"काकू, आम्ही फक्त रक्त घेतो."

"डासही तेच करतो."

मग त्याने हळूच तेच कार्ड परत पुढे केलं. तिने ते पालथं घातलं आणि निघाली.

सहाव्या दिवशी पहिल्या स्लाइसनंतर ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून वाकली. कपाळावर घाम. नवरा घाबरला. "राहू दे ती टेस्ट. मानलं मी."

"वर्षभर माझं डोकं बिघडलं होतं. आज एकदम पोट दिसायला लागलं तुम्हाला?"

"चुकलं गं."

"तुमच्या मानण्याने रिपोर्ट बदलत नाही. अजून पाच आठवडे आहेत. रोज इथे समोर बसायचं आणि बघायचं." तिने दुसरी स्लाइस उचलली.

तो खुर्ची ओढून बसला.