जसबीरच्या शेजारची जागा

जसबीर गेल्याला आता सहा आठवडे होतील. जालंधरहून तिच्या मुलाचा, गुरमीतचा फोन आला तेव्हा मी शाळेत निघायच्या तयारीत होते. "आंटी, मम्मी नहीं रही," एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याला समजावलं, कसं झालं ते विचारलं, रिसीव्हर ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसले. मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहिण्यात अर्थ नाही... मला वाटलं, म्हणजे आता ही आईजवळ पोचली. तिथेही माझ्या आधी.

आई माझी होती. जसबीर कौर समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण. आम्ही मायलेकी वसईत अंबाडी रोडला राहायचो. मी इथल्याच एका शाळेत मराठी शिकवते. आई चिपळूणकडची, सोवळ्याओवळ्याची कडक. परक्याच्या घरी ती पाणीसुद्धा प्यायची नाही, आणि तिच्या लेखी परके पुष्कळ होते. माझ्याच शाळेत विज्ञान शिकवणारा नंदाखाल गावचा व्हिन्सेंट तिच्या लेखी परकाच. आम्हा दोघांना लग्न करायचं होतं. त्याच्या आईनं आपल्या वाडीतल्या केळ्यांची सुकेळी बांधून माझ्या हाती पाठवली होती. आईनं ती पुडी सोडलीसुद्धा नाही, धुणंवालीला देऊन टाकली. "त्यांच्या घरचं आपल्याला चालत नाही, शैले. तू गेलीस तर मी या घरात पाणी घेणार नाही," म्हणाली आणि तीन दिवस खरंच घेतलं नाही. चौथ्या दिवशी मी व्हिन्सेंटला नाही म्हणून सांगितलं. त्यानं पुढे लग्न केलं. मी नाही केलं.

त्यानंतर पाचेक वर्षांनी, चौऱ्याण्णव साली, जसबीर समोर राहायला आली. नवरा पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर कामाला, ही घरी शाळेचे गणवेश शिवायची. उंच, मोठ्या हाताची, मोठ्या आवाजाची बाई. त्याच पावसाळ्यात आई मोरीत पाय घसरून पडली. घोटा मोडला, दीड महिना प्लास्टर. माझी रजा संपली आणि दुपारचं जेवण जसबीर आणू लागली. पहिल्या दिवशी आई म्हणाली, उपास आहे. दुसऱ्या दिवशीही उपास. तिसऱ्या दिवशी जसबीर डबा न घेताच आली, आमच्या ओट्यापाशी हातपाय धुऊन उभी राहिली आणि स्वतःच्या आईला हाक मारावी तशी म्हणाली, "बीजी, तुमचीच भांडी, तुमचंच पीठ, हात फक्त माझे. हातांना तर उपास नाही ना?" आई हसली. मी घरी नव्हते, हे मला आईनंच सांगितलं, आणि सांगताना ती पुन्हा हसली. आईला हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

मग त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. मी संध्याकाळी दमून यावं तर आई मला जसबीरच्या गोष्टी सांगायची. तिचं आडनाव विचारलं तर ती म्हणे कौर, सगळ्याच बायकांचं कौर आणि सगळ्या पुरुषांचं सिंह; आडनावावरून जात कळते म्हणून त्यांच्या दहाव्या गुरूंनी ती भानगडच मोडून टाकली. गुरू नानकांना तरुणपणी वडिलांनी व्यापारासाठी पैसे दिले, ते त्यांनी वाटेतल्या उपाशी साधूंना जेवू घालण्यात घालवले आणि घरी येऊन सांगितलं की याहून खरा सौदा मला सापडला नाही. एकदा ते नदीत उतरले आणि तीन दिवस दिसलेच नाहीत. बाहेर आले ते हेच सांगत की देव एकच आहे आणि त्याच्यापुढे हिंदू-मुसलमान असं काही नाही. पुढे खूप देश फिरले आणि शेवटी शेती करून राहिले. नाव देवाचं घ्यायचं, कष्टाचं खायचं आणि वाटून खायचं, एवढंच बघ सगळं, आई म्हणायची. "आणि शैले, दहा गुरूंनंतर त्यांनी माणसाला गुरू केलंच नाही. ग्रंथच गुरू. त्यात आपल्या मराठी संताचीही वाणी आहे म्हणे." मी मराठीची शिक्षिका. हे मी आईला कितीदा तरी सांगितलं असतं, तिनं कधी विचारलं असतं तर.

कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे नानकांच्या जयंतीला, आई जसबीरबरोबर "देवळात" गेली. दुपार उलटली तरी परतली नाही म्हणून मी रिक्षा करून गुरुद्वारात गेले. लंगरच्या दालनाच्या दारातून मला ती दिसली. डोक्यावर पदर, जमिनीवरच्या लांब पट्टीवर मांडी घालून बसलेली. तिच्या एका बाजूला खाकी शर्टातला रिक्षावाला, दुसऱ्या बाजूला आमच्या रस्त्याची झाडलोट करणारी बाई. आणि माझी आई दोन्ही हात पुढे करून कुणा अनोळखी माणसाकडून रोटी घेत होती.

जसबीर वाढता वाढता माझ्याकडे आली. "शैला, ये ना, बस. आधी पंगत, मग बाकी सगळं. आमच्याकडे बादशहालासुद्धा आधी खालीच बसावं लागलं होतं."

"भूक नाही मला," मी म्हटलं.

आईनं वर पाहिलं. मग ताटात पाहिलं. तिला कळलं होतं मला काय आठवलं ते. जे मला माझं सगळं आयुष्य देऊनही मिळालं नव्हतं, ते या बाईनं चार महिन्यांत मिळवलं होतं, आणि तेही न मागता. मी तिचा रागराग करू लागले, आणि राग करण्यासारखं ती काहीच करत नव्हती, त्याचा आणखी राग. दर रविवारी दोघी जायच्या. मोठ्या परातीशी बसून आई गोळे करायची, जसबीर लाटायची. मला दर रविवारी विचारायच्या आणि दर रविवारी मला कामं असायची. अशी नऊ वर्षं गेली. दोन हजार तीनमध्ये आई गेली. शेवटच्या दिवशी इस्पितळात तिनं डोळे उघडून विचारलं, "जसबीर आली का?" तिचा हात माझ्या हातात होता.

आई गेल्यावर काही महिन्यांनी जसबीर चहा घेऊन आमच्याकडे आली आणि कप तसाच ठेवून म्हणाली, "एक गोष्ट आहे, बीजींनी मला सांगितलेली. नंदाखालच्या मुलाची." मी कप बाजूला सरकवला. "पहिल्याच वर्षी, रोट्या करताना रडली. म्हणाली, माझ्या मुलीचं मी वाटोळं केलं, तिला कुठल्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, बीजी, इथे पीठ मळून ते फिटणार नाही. घरी जाऊन बोला तिच्याशी. म्हणून तर दोन रविवार मी तिला नेलंच नाही."

ते दोन रविवार मला आठवले. आई माझ्या टेबलाशी येऊन बसायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी पेपर तपासत होते. पहिल्या रविवारी मी मान वर केली नाही. दुसऱ्या रविवारी म्हणाले, "आज तुझ्या जसबीरनं नेलं नाही वाटतं?" आई उठून आत गेली. पुढच्या रविवारी ती पुन्हा गुरुद्वारात गेली.

हे मी जसबीरला सांगितलं नाही. मी फक्त म्हटलं, "म्हणजे तुला सांगितलं. मला नाही."

"मला सांगणं सोपं होतं," ती म्हणाली. "माझं तिनं काही बिघडवलं नव्हतं ना."

तिचं खरं होतं, आणि तरीही मला तिचा हेवाच वाटला. माझ्या वाट्याची माफीसुद्धा तिच्या कानात गेली होती. त्यानंतरही दर रविवारी ती माझं दार वाजवायची. "येतेस?" "पुढच्या रविवारी." मग तिचा नवरा वारला, तिची तब्येत बिघडली आणि गुरमीत तिला जालंधरला घेऊन गेला. पुढचा रविवार काही आला नाही.

तिच्यासाठी इथल्या गुरुद्वारात ग्रंथाचा पाठ ठेवला होता, त्याला मात्र मी गेले. अरदासची प्रार्थना झाली, प्रसाद झाला, मग मी पंगतीत बसले. शेजारी कोण आहे ते पाहिलं नाही. मान वर करायचं धैर्य नव्हतं. जेवण झाल्यावर आत स्वयंपाकघरात गेले. एक म्हातारी सरदारीण रोट्या भाजत होती. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम बीजी की बेटी? शैला? आईसारखंच तोंड आहे." मग म्हणाली, "बहुत बोलायची तुझ्याबद्दल. माझी शैला अक्षर किती सुंदर काढते, म्हणायची." मला आई असं कधी म्हणाली नव्हती. एका अनोळखी बाईचाही हेवा करण्याइतकी जागा माझ्यात शिल्लक आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"त्या कुठे बसायच्या?" मी विचारलं.

"जसबीर उधर, खिडकीपाशी. बीजी तिच्या डाव्या हाताला. पण बेटा, इथे कुणाची जागा ठरलेली नसते. जो येईल तो बसेल."

तेव्हापासून मी रविवारी जाते. माझे गोळे एकसारखे होत नाहीत, पण कुणी काही म्हणत नाही. खिडकीपासून दुसऱ्या जागेवर, आईच्या जागेवर बसते आणि उजवीकडे जो कोणी येईल त्याच्या हातात गोळे देत जाते. इथे कुणाची जागा ठरलेली नसते, हे मला पटलेलं आहे. तरी घरून मी अर्धा तास लवकर निघते. माझ्या आधी कुणी तिथे बसलेलं असलं, की मला अजूनही सहन होत नाही.