नूपुरला दिलेला सल्ला

सिंधूताईंनी तालुक्याच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काढली. शेकडो बाळंतपणं त्यांच्या हातून झाली, पण त्यांनी कुणाच्या पाठीवरून हात फिरवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. हुडकेश्वरच्या घरातही तेच. बाळ रडलं की सून हर्षाला ऐकावं लागे, "पोराले धरता येत नाही, अन् आई झाली वं!"

नवऱ्याला, अश्विनला, सांगावं तर तो हसण्यावारी न्यायचा. शेवटी हर्षा फोनवर नव्या आयांच्या एका ग्रुपमध्ये शिरली, 'नूपुर' असं खोटं नाव घेऊन. तिथे 'मावशी' नावाची कुणी बाई होती. बाळ दूध ओढत नाही, छातीत गाठी झाल्यात, काहीही विचारा. मावशी न कंटाळता लिहायची. "घाबरू नको बाई, तुझं काही चुकत नाही," हे वाचून हर्षा बाळंतपणानंतर पहिल्यांदा पोटभर रडली होती.

त्या दुपारी तिने मावशीला विचारलंच, "सासू जनावरासारखी वागवते. वेगळी राहू का?"

बाळाला मांडीवर घेऊन ती उत्तराची वाट पाहत होती. एवढ्यात स्वयंपाकघरातून सिंधूताईंचा आवाज आला. कधी न ऐकलेला, मऊ. "नूपुर बेटा, हात कणकेचे आहेत म्हणून बोलून पाठवते. तू काहून सहन करून राहिली? अशा सासूजवळ एक दिवस नको राहू."

हर्षाच्या हातातला फोन थरथरला. मावशीचा निरोप आला होता.

सकाळीच लंगोट सैल बांधला म्हणून शेजारणीसमोर पाणउतारा करणारी बाई ती हीच?

बाळाला खांद्यावर टाकून ती स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि तिने तो बोललेला निरोप मोठ्याने लावला. सिंधूताईंचे हात परातीतच थांबले.

"नूपुर... तू?"

"हो, आई."

"म्हणजे ते जनावर मी?"

हर्षाने मान खाली घातली. भर चौकात कुणी थोबाडीत द्यावी तसा सिंधूताईंचा चेहरा झाला होता. त्या म्हणाल्या, "समोर माणूस असलं की मले ओरडताच येते फक्त. वॉर्डातली सवय."

त्यांनी हात धुतले. "पण सल्ला बदलत नाही. वरच्या खोल्यांची किल्ली कपाटात आहे. अश्विनले मी सांगते."

बाळ रडू लागलं. सिंधूताईंनी हात पुढे केले, आणि मागे घेतले.

"अन् काही अडलं," त्या म्हणाल्या, "तर खाली नको येऊ. फोनवर विचारजो."