निरुपमाताईंच्या आवडीचे पाच सिनेमे

रावपुऱ्यातल्या चित्रमंडळात भांडणं व्हायची ती सिनेमावरून कमी आणि नियमांवरून जास्त. मंडळी मोजून तीस. बहुतेकांचे पणजे-खापरपणजे गायकवाड सरकारच्या कुठल्या ना कुठल्या कचेरीत. संस्थान गेलं, कचेऱ्या गेल्या, पण कागद रंगवायची खोड काही गेली नाही. महिन्यातून एका रविवारी दुपारी कापडाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पडदा लावून सिनेमा बघायचा, एवढंच मंडळाचं काम, आणि त्याला नियम एकतीस.

त्यातला अकरावा नियम असा. दर मार्चात प्रत्येक सभासदाने आपल्या आवडीचे पाच सिनेमे कागदावर लिहायचे, प्रत्येकापुढे तो का आवडतो ते एका वाक्यात लिहायचं, पाकीट बंद करून वर आपलं नाव घालायचं आणि बुधवारपर्यंत चिटणीस रमाकांतकाकांच्या घरच्या पेटीत टाकायचं. रविवारच्या सभेत काका पाकिटं फोडून एकेक यादी मोठ्याने वाचणार, आणि त्यातून वर्षाचे सिनेमे ठरणार. पेटीत पडलेलं पाकीट परत मिळत नाही, हा बारावा.

निरुपमा सबनीस हे दोन्ही नियम चौदा वर्षं बिनबोभाट पाळत आल्या होत्या. वय बावन्न, मुलींच्या शाळेत गणिताच्या बाई, लग्न केलेलं नाही, आईवडील गेल्यावर फ्लॅटमध्ये एकट्या. संध्याकाळी पाच वाजता घरी दहावीच्या अकरा मुलींचा क्लास. दरवर्षी त्या एकच यादी द्यायच्या: एक संतपट, एक गाण्यांचा, दोन विनोदी, एक देशभक्तीचा. काका वाचायचे, मंडळी माना डोलवायची. खरं सांगायचं तर त्यातला एकही सिनेमा त्यांना धड आवडत नव्हता.

आवडते वेगळेच होते. ते त्यांनी घरात, खिडक्या लावून, आवाज बारीक करून पाहिले होते. बहुतेकांची परदेशी नावं जिभेवर बसत नाहीत म्हणून त्यांना घरगुती नावं ठेवली होती. शिंप्याचा सिनेमा. त्यातला म्हातारा शिंपी आपल्या मित्राचे कपडे तीस वर्षं शिवतो, आणि मापं घेण्यापलीकडे त्याला कधी हात लावत नाही. टपालवालीचा सिनेमा. बर्फातल्या गावात पत्रं वाटणारी बाई एका घरी पत्र नसतानाही जात राहते, कारण दार उघडायला जी येते तिच्यात तिचा जीव अडकलाय. दोन ताटांचा, ज्यात मुलगा आपल्या जोडीदाराला, म्हणजे एका मुलालाच, घरी आणतो, आणि आई तोंडातून अक्षर न काढता दोन ताटं शेजारी शेजारी मांडते. बँडवालीचा, ज्यात मुलगा म्हणून वाढवलेली पोर शेवटी वरातीत साडी नेसून क्लॅरिनेट वाजवते. आणि मिठागराचा. मिठागरात राबणाऱ्या दोघी एका खोपटात राहतात, भांडतात, म्हाताऱ्या होतात, बस. त्यात कोणी मरत नाही, कोणाला शिक्षा होत नाही. असा सिनेमा असू शकतो हेच निरुपमाताईंना पहिल्यांदा खरं वाटेना.

तो सिनेमा त्यांनी मोहनाबरोबर तीनदा पाहिला होता. मोहना त्याच शाळेत मराठी शिकवायची. सहा वर्षं दोघी एका स्कूटरवरून शाळेत गेल्या. शनिवारी शाळा दुपारी सुटे, मग मोहना जेवायला येई. पुढे मोहनाचं लग्न ठरलं, ती पादरा गावी सासरी गेली. आता दिवाळीला तिच्याकडून पणतीचं चित्र येतं, तेच चित्र ती सगळ्यांना पाठवत असणार. त्या लग्नाला अठरा वर्षं झाली.

आता चूक कशी झाली ते ऐका, कारण अशी चूक सबनीसांच्याच घरात होऊ शकते. निरुपमाताईंचे आजोबा सरकारी दफ्तरात कारकून. घराबाहेर जाणारा प्रत्येक कागद दोनदा लिहायचा, वरचा कागद जायचा, खालचा घरी राहायचा, ही शिस्त त्यांनी मुलाला लावली आणि मुलाने मुलीला. गॅसवाल्याला तक्रार लिहिली तरी खालचा कागद फाइलीत. बुधवारी निरुपमाताईंनी नेहमीची यादी लिहिली. मग खालच्या कागदाची वेळ आली, आणि कोण जाणे काय झालं, त्यांना तेच पाच बेचव सिनेमे पुन्हा लिहवेनात. आपल्या फाइलीत तरी खरं असू दे, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या कागदावर खरे पाच लिहिले. घरगुती नावांनिशी, कारणांसकट. लिहिताना फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तो कागद लिहून झाल्यावर आपण वरच ठेवलाय हे ध्यानात आलं नाही. पाच वाजले, मुलींनी बेल वाजवली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने हाताने वरचा कागद पाकिटात घातला. क्लास झाल्यावर त्या स्वतः जिना उतरल्या आणि पाकीट काकांच्या पेटीत टाकून आल्या.

गुरुवारी शाळेतून आल्यावर फाइल लावायला घेतली, तर हातात संतपट.

त्या मटकन खुर्चीत बसल्या. असं प्रेम गुन्हा नाही, असा कोर्टाने निकाल देऊनही आता किती वर्षं झाली, पेपरात फोटो येतात, झेंडे दिसतात. पण रावपुऱ्याचा जिना चढून वर येईपर्यंत कायद्याला धाप लागते. त्यांच्या डोळ्यांसमोर कायदा नव्हता, क्लासच्या अकरा जोड्या चपला होत्या. मुलींना शिकवणारी बाई, आणि असली. आया काय म्हणतील हे त्यांना शब्द न् शब्द ऐकू येत होतं. शाळेतून कोणी काढून टाकणार नाही; फक्त पुढच्या वर्षी वर्ग द्यायचे नाहीत, ग्रंथालयात बसवायचं. आणि पाचव्या सिनेमापुढे त्यांनी लिहिलं होतं: ‘हा दोघींनी मिळून पाहिला.’ कोण दोघी, हे मंडळात कोणाला कळायचं राहील? सहा वर्षं एक स्कूटर सगळ्या रावपुऱ्याने पाहिली होती. म्हणजे बोभाटा पादऱ्यापर्यंत जाणार. मोहनाला सासरी दोन दीर, एक नणंद. तिने काय पाप केलं होतं?

शुक्रवारी दुपारी त्या काकांकडे गेल्या. रमाकांतकाका पंचाहत्तरीचे, हडकुळे, चष्म्याला दोरी. टपाल खात्यातून निवृत्त झाले तरी माणूस अजून सुट्टीवर गेलेला नव्हता.

“काका, माझं पाकीट परत हवं होतं.”

“का गं?”

“चुकीचा कागद गेलाय.”

“मग सभेत उभी राहून दुरुस्ती सांग. एकविसावा नियम.”

“नाही काका, ते वाचलंच जाऊ नये.”

काकांनी चष्मा वर केला. “असं काय लिहिलंयस? कोणाला शिव्याबिव्या?”

निरुपमाताईंना हसायचं होतं. हसू आलंच नाही, उलट हनुवटी थरथरली. काकांनी ते पाहिलं. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग पुन्हा ताईंकडे. “बारावा नियम माझ्याच बापाने केलेला आहे,” ते म्हणाले, “मी कसा मोडू? चहा घे.” ताई चहा न घेताच निघाल्या.

शनिवारी क्लासमध्ये त्यांचं बेरजेत चुकलं. सानवी नावाच्या मुलीने फळ्यावरची चूक दाखवली, सगळ्या हसल्या, आणि ताईंनी सगळा फळाच पुसून टाकला. सानवीची आई संयोगिता मंडळाची सभासद, तोंडाची फटकळ पण मनाची वाईट नव्हे. मुलीला घ्यायला आली तेव्हा म्हणाली, “केम निरुपमाबेन, तब्येत बराबर नाही का? चेहरा पार उतरलाय. उद्या सभेला याल ना?”

“बघते.”

“बघते काय? या. चालो, आवजो.”

न जाण्याचा विचार त्यांनी शंभरदा केला. पण गैरहजर माणसाची यादी आधी वाचतात, हाही एक नियम होताच. आणि आपल्या पाठीमागे आपलं वाचलं जावं, त्यापेक्षा तोंडावर जोडा बसलेला बरा, असं त्यांना वाटलं. रविवारी त्या गेल्या. दाराजवळची खुर्ची पकडली, पर्स मांडीवर, चपला पायातच.

काका एकेक पाकीट फोडत होते. शेजारी देवेश इतिवृत्त लिहीत होता. तो बँकेत आहे, अक्षर मोत्यासारखं. लोक हसत होते, कोपरखळ्या मारत होते. “परत तोच! अरे, बारावं वर्ष!” निरुपमाताईंना शब्द ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता. एकविसावं पाकीट. बाविसावं. तेविसाव्यावर त्यांचं अक्षर होतं.

काकांनी ते हातात घेतलं. ताईंनी पाहिलं, पाकिटाची कड एका बाजूने फुगली होती, नव्या डिंकाचा पिवळा डाग होता. म्हणजे ते उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. काकांनी ते फोडलं, आत बोटं घातली, कागद अर्धा काढून तसाच आत सारला.

“निरुपमा सबनीस,” ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. “पाकीट रिकामं. घाईत कागद घालायचा राहिलेला दिसतो. देवेश, लिही, निरंक.”

आणि त्यांनी चष्म्यावरून ताईंकडे एकदाच पाहिलं, घाबरत, विनवल्यासारखं. पंचाहत्तर वर्षांत त्या माणसाने नियम मोडला तो हा पहिला.

ताईंचा जीव भांड्यात पडला. वाचले. मोहना वाचली, शाळा वाचली, अकरा जोड्या चपला वाचल्या. त्यांना काकांच्या पाया पडावंसं वाटलं. कोणीतरी थट्टा केली, “गणिताच्या बाई आणि शून्य मार्क!” सगळे हसले, त्याही हसल्या. देवेशने झोकदार अक्षरात लिहिलं आणि त्यापुढे रेघ मारली. काकांनी पुढचं पाकीट उचललं.

आणि तिथेच त्यांच्या छातीत काहीतरी दुखलं, साधं खरोखरीचं दुखलं. निरंक. बावन्न वर्षांत काहीच आवडलं नाही. कोणीच आवडलं नाही. हे आता इतिवृत्तात राहणार, पुढच्या सभेत वाचून कायम होणार, आणि सूचक-अनुमोदकही मिळणार. भीती अजून होतीच. पण या दुखण्याने तिला ढकलून पुढे जागा केली.

“काका,” त्या उभ्या राहिल्या. “रिकामं नाहीये ते.”

“बस गं,” काका घाईने म्हणाले. “राहू दे. पुढच्या वर्षी देशील.”

“आत कागद आहे. मी वाचते.”

त्या खुर्च्यांमधून पुढे गेल्या. काकांनी पाकीट धरून ठेवलं, मग सोडलं. कागद उघडताना फाटायला आला. त्यांनी शिंप्याचा वाचला, कारणासकट. टपालवालीचा वाचला. दोन ताटांचा वाचताना आवाज चिरकला, म्हणून तो पुन्हा वाचला. बँडवालीचा. पाचवा आला तेव्हा मोहनाचं घर डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्यांनी मिठागराचं नाव वाचलं आणि कागदावरचं कारण वाचलंच नाही.

“का आवडतो,” त्या म्हणाल्या, “तर मलाही तसंच राहायचं होतं. मी तशीच आहे.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठून बाहेर गेले, चपला शोधायला त्यांना फार वेळ लागला. काका खाली बघत होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि खाकरले.

“देवेश, निरंक खोड. पाच नावं लिही. नीट विचारून लिही.”

देवेशने पेन उचललं. तेवढ्यात संयोगिता उभी राहिली, पर्स खांद्याला लावून.

“निरुपमाबेन, मी खोटं नाही बोलणार,” ती म्हणाली. “उद्या सानवीला क्लासला पाठवू की नको, ते मला कळत नाही. घरी विचारावं लागेल.”

निरुपमाताईंनी मान हलवली. भीती होतीच, आणि ती लपवायची त्यांनी खटपट केली नाही.

“विचारा,” त्या म्हणाल्या. “मी पाच वाजता दार उघडते.”